एफ३ डर्बी: मरीनर्स, जेट्स आणि आपल्या गावातली फायनल

वायाँगकर

ऑस्ट्रेलियातल्या फुटबॉलचा विषय निघाला की गप्पा सिडनी आणि मेलबर्नच्या क्लबांवरच येऊन थांबतात. या दोन शहरांच्या बाहेरची, माझ्या मते या देशातली सगळ्यात खरी चुरस कुठली, त्यावर हा धागा. एका बाजूला गॉसफर्डचा सेंट्रल कोस्ट मरीनर्स, दुसऱ्या बाजूला न्यूकॅसल जेट्स. दोन्ही न्यू साउथ वेल्समधले, दोन्ही ए-लीगच्या, म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या फुटबॉल लीगच्या, पहिल्या मोसमापासूनचे, म्हणजे २००५पासूनचे.

भूगोल आधी सांगतो, कारण सगळं त्यावरच उभं आहे. सिडनीहून उत्तरेला निघालं की न्यूकॅसल साधारण १६० किलोमीटर. गॉसफर्ड जवळपास मध्यावर. दोघांना जोडणारा हायवे म्हणजे एफ३. सरकारनं २०१३मध्ये त्याचं नाव बदलून एम१ केलं, पाट्या बदलल्या, पण डर्बीचं, म्हणजे या दोन शेजाऱ्यांच्या सामन्याचं, नाव एफ३च राहिलं. मी वायाँगला राहतो, गॉसफर्डच्या जरा वर. इथून दोन्ही मैदानं गाडीनं जवळ. शेजारच्या घरावर मरीनर्सचा पिवळा झेंडा असतो, तर ऑफिसातला बाजूचा माणूस न्यूकॅसलहून येतो. सामन्याच्या आठवड्यात टाळायचं म्हटलं तरी विषय टळत नाही.

न्यूकॅसल हे जुनं कामगारांचं शहर. कोळशाचं प्रचंड बंदर, बीएचपीचा पोलाद कारखाना (तो १९९९मध्ये बंद झाला), १९८९च्या भूकंपाची आठवण. फुटबॉल तिथे खाणकामगारांबरोबर आला आणि रुजला. जेट्सच्या आधी केबी युनायटेड, ब्रेकर्स, मग न्यूकॅसल युनायटेड असे क्लब होऊन गेले. जेट्स हे नाव जवळच्या विल्यमटाउनच्या हवाई दलाच्या तळावरून आलं.

सेंट्रल कोस्टकडे असा इतिहास नव्हता. राष्ट्रीय पातळीवर खेळणारा कुठल्याच खेळाचा स्वतःचा संघ या पट्ट्याला मिळाला नव्हता. रग्बी लीगचा नॉर्थ सिडनी बेअर्स इथे येणार म्हणून गॉसफर्डला स्टेडियम बांधायला घेतलं, आणि तो संघ आलाच नाही. म्हणजे मैदान आधी आणि हक्काचा संघ पुष्कळ नंतर. २००५मध्ये मरीनर्स मिळाले तेव्हा पहिले कोच लॉरी मॅकिना यांनी खेळाडूंना घेऊन शाळाशाळांतून फिरायला सुरुवात केली. या भागात मरीनर्सला लोक जीव लावतात त्याचं मूळ तिथे आहे.

ठिणगी लीग सुरू होण्याआधीच पडली. मे २००५, ओशनिया क्लब चॅम्पियनशिपसाठीचा पात्रता सामना. मरीनर्सचा स्ट्रायकर निक मर्जा आणि जेट्सचा बचावपटू अँड्र्यू ड्युरँटे एका चेंडूवर एकत्र गेले आणि ड्युरँटेचा पाय मोडला. सामना मरीनर्सनं १-० जिंकला, पण न्यूकॅसलच्या लोकांच्या लक्षात राहिला तो तो पाय.

आता थेट २००८वर येतो. त्या मोसमात मरीनर्स लीगमध्ये पहिले आले. सेमीफायनल दोन टप्प्यांची होती, समोर जेट्सच. न्यूकॅसलला जेट्सनं २-० मारलं, गॉसफर्डला मरीनर्सनं एक्स्ट्रा टाइममध्ये ३-० करून उलटवलं. जेट्स मग क्वीन्सलँड रोअरला हरवून मागच्या दारानं फायनलला आले. म्हणजे एका महिन्यात तिसऱ्यांदा हेच दोघे समोरासमोर.

फायनल २४ फेब्रुवारी २००८. यजमानपदाचा हक्क मरीनर्सचा, पण गॉसफर्डचं मैदान लहान म्हणून सामना नेला सिडनी फुटबॉल स्टेडियमवर. दोन गावांची फायनल, आणि दोन्ही गावं एफ३वरून तिसऱ्याच शहरात निघालेली! ३६,३५४ लोक होते. मार्क ब्रिजनं उत्तरार्धात एकमेव गोल केला. शेवटच्या मिनिटांत मरीनर्सचा कॉर्नर, गोलकीपर डॅनी वुकोविचसुद्धा पुढे गेलेला, गोलसमोरच्या गर्दीत चेंडू जेट्सच्या जेम्स हॉलंडच्या हाताला लागला. रेफ्री मार्क शील्डनं पेनल्टी दिली नाही. वुकोविचनं धावत जाऊन रेफ्रीच्या हातावर चापट मारली. लाल कार्ड, वर लांबलचक बंदी, आणि त्या वर्षीचं बीजिंग ऑलिम्पिकही हुकलं. वय अवघं २२.

फायनलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला ज्यो मार्स्टन पदक देतात. ते मिळालं ड्युरँटेला, त्याच मोडलेल्या पायाच्या माणसाला. आणि ज्यांच्या नावाचं हे पदक ते ज्यो मार्स्टन, १९५४मध्ये प्रेस्टनकडून एफए कपची फायनल खेळलेले पहिले ऑस्ट्रेलियन, राहायचे कुठे? सेंट्रल कोस्टवरच्या युमिनाला.

माझं म्हणणं असं. ही चुरस चषकांची किंवा द्वेषाची म्हणून मोठी नाही. सगळं मोठं काही सिडनीलाच होतं हे दोन्ही गावांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकावं लागलंय, आणि 'आमच्याकडेही मोठा सामना होऊ शकतो' हे त्यांना एकमेकांशी खेळूनच दाखवता येतं. तुम्हाला काय वाटतं?

शाहूनगरी

वायाँगकर, मस्त धागा. आमच्या कोल्हापुरात पाटाकडील तालीम मंडळ (पीटीएम) आणि शिवाजी तरुण मंडळ शाहू स्टेडियमवर भिडले की पेठांचा प्रश्न असतो, त्यामुळे 'मोडलेला पाय लक्षात राहिला' हे लगेच पटलं. दोन शंका. एक, लीगमधून खाली जाण्याची भानगड तिकडे आहे का? दोन, पाय मोडणारा आणि पदक मिळवणारा कळले, पण या बाजूचे त्या बाजूला जाऊन खेळतात का? आमच्याकडे पेठ बदलली की माणसाला वर्षानुवर्षं ऐकून घ्यावं लागतं.

वायाँगकर

शाहूनगरी, ए-लीगमध्ये खाली जाणं नाही. शेवटचा नंबर आला तरी पुढच्या वर्षी तिथेच. मरीनर्स २०१५-१६ ते २०१९-२० या पाच मोसमांत चारदा तळाला होते. भीती वेगळी असते, लायसन्सची, म्हणजे लीगमध्ये क्लब चालवायच्या परवान्याची. मालकाचे पैसे संपले की क्लबच राहील की नाही असा प्रश्न येतो. त्यावर न्यूकॅसलकरांनी लिहावं, त्यांनी जास्त सोसलंय.

बाजू बदलणारे भरपूर. नायजेल बूगार्ड २००८ची फायनल मरीनर्सकडून खेळला आणि पुढे जेट्सचा कॅप्टन झाला. आयरिश स्ट्रायकर रॉय ओ'डोनोव्हान २०१७मध्ये मरीनर्स सोडून जेट्सला गेला आणि मोसमाच्या पहिल्याच सामन्यात गॉसफर्डला येऊन जुन्या संघावर गोल करून गेला. जेट्स ५-१ जिंकले.

पण सगळ्यात मोठं उदाहरण मॅकिनांचं. मरीनर्स उभा करणारे कोच, २००८ची फायनल हरलेले. मूळचे स्कॉटलंडचे. २०१२मध्ये ते चक्क गॉसफर्डचे महापौर झाले. आणि २०१६मध्ये? न्यूकॅसल जेट्सचे सीईओ.

शाहूनगरी

महापौर? शहराचा? आणि तिथून थेट शेजारच्या क्लबात? आमच्याकडे हे कुणाला खरं वाटणार नाही.

ब्रॉडमेडो_एंड

न्यूकॅसलकर हजर आहे. गेली कित्येक वर्षं इथे आहे, पोरं इथेच वाढली, घरात निळा-सोनेरीच चालतो.

मॅकिनांबद्दल आधी सांगतो. ते आले तेव्हा इथे नाकं मुरडली गेली, नाही असं नाही. पण आमची अवस्थाच तशी होती. कोळसा खाणींतून अफाट पैसा मिळवलेल्या नेथन टिंकलरनं २०१०मध्ये क्लब घेतला. सुरुवातीला केवढं कौतुक! २०१२मध्ये एमिल हेस्की जेट्सकडून खेळायला आला तेव्हा विमानतळापासून चर्चा. मग कोळशाचे भाव पडले, त्याचं साम्राज्य कोसळलं, खेळाडूंचे पगार थकले आणि २०१५मध्ये फेडरेशननं लायसन्स काढून घेतलं. पुढच्या वर्षी लेडमन कंपनीचे मार्टिन ली आले. २०२१च्या जानेवारीत त्यांचंही लायसन्स गेलं, आणि नंतरची तीन-साडेतीन वर्षं लीगमधल्या दुसऱ्या क्लबांच्या मालकांनी पैसे घालून जेट्स चालवला. विचार करा, ज्यांना शनिवारी हरवायचं त्यांच्या पैशावर आमचा संघ मैदानात उतरायचा. २०२४मध्ये मॅव्हरिक स्पोर्ट्स पार्टनर्सनी घेतला तेव्हा कुठे श्वास घेतला. या सगळ्यात मॅकिनांसारखा माणूस, ज्याला छोट्या गावातला क्लब कसा जगवतात हे ठाऊक होतं, तो आम्हाला हवाच होता.

आता २०१८. तो आमचा मोसम. कोच अर्नी मेरिक. शेवटच्या फेरीत गॉसफर्डला जाऊन ८-२. आठ! वायाँगकरांनी ५-१ लिहिलं आणि हे सोडलं, म्हणून मुद्दाम लिहितोय. सेमीफायनलला मेलबर्न सिटीविरुद्ध रायली मॅग्रीनं मागे वळून टाचेनं हवेतला चेंडू उचलला, त्या गोलचं पुढे पुस्काश पुरस्कारासाठी (वर्षातल्या सर्वोत्तम गोलचा फिफाचा पुरस्कार) नामांकन झालं. मी त्याच टोकाला होतो. क्षणभर कुणाला कळलंच नाही की चेंडू आत गेलाय.

आणि ५ मे २०१८ला फायनल न्यूकॅसलला. पहिल्यांदाच. २९,४१० लोक. मैदान एरवी रग्बीच्या नाइट्सचं मानतात, त्या दिवशी ते आमचं होतं. मेलबर्न व्हिक्टरीचा गोल झाला तो कोस्टा बार्बरूसेसचा. त्याच्या आधी जेम्स डोनाकी सरळसरळ ऑफसाइड होता. व्हिडिओ रेफ्री कशासाठी असतो? नेमका त्याच वेळी सिस्टीमचा बिघाड झाला, हवा तो कॅमेरा व्हिडिओ रेफ्रीपर्यंत पोचलाच नाही, गोल कायम राहिला. १-०. लीगनं नंतर चूक मान्य केली. मान्य करून चषक परत येतो का?

म्हणून मरीनर्सवाले २००८च्या हँडबॉलबद्दल बोलायला लागले की मला एवढंच सांगावंसं वाटतं, तुमच्या वेळी निदान रेफ्रीनं बघितलं तरी होतं.

यारा_किनारा

मेलबर्नहून लिहितोय. धागा आवडला, पण 'सगळ्यात खरी चुरस' हे पटत नाही. मेलबर्न व्हिक्टरी विरुद्ध सिडनी एफसी, किंवा सिडनी विरुद्ध वेस्टर्न सिडनी वाँडरर्स, तिथे जो आवाज असतो तो गॉसफर्डला ऐकू येणार नाही. गॉसफर्डच्या स्टेडियमची क्षमताच वीस हजार, आणि बऱ्याच डर्बींना तेवढेही येत नाहीत. मोठ्या शहरातली चुरस ही वर्गाची, वस्तीची, स्थलांतरितांची असते. पूर्व सिडनी आणि पश्चिम सिडनी यांच्यातलं अंतर सामाजिक आहे. गॉसफर्ड-न्यूकॅसलमध्ये नेमकं भांडण कशाचं? दोन सारखीच गावं, मध्ये एक हायवे.

वायाँगकर

यारा_किनारा, आवाजाबद्दल तुमचं बरोबर. वाँडरर्सच्या टोकाला उभं राहिलेल्याला गॉसफर्ड शांतच वाटेल.

पण 'सारखीच गावं' हे तुम्ही न्यूकॅसलच्या माणसाला सांगून बघा. न्यूकॅसल स्वतःला शहर मानतं, आणि ते आहेच: बंदर, विद्यापीठ, स्वतःचा दीडशे वर्षांचा उद्योग. सेंट्रल कोस्ट म्हणजे समुद्रकाठच्या वस्त्यांची माळ. इथली बरीच कर्ती माणसं पहाटेची गाडी पकडून सिडनीला कामाला जातात. त्यामुळे न्यूकॅसलला वाटतं कोस्ट म्हणजे सिडनीचं शेपूट, आणि कोस्टला वाटतं न्यूकॅसल उगाच मोठेपणा मिरवतं. भांडण आहे ते हे.

मोठ्या शहरातल्या क्लबाला कुणी विचारत नाही की तुम्ही हवेत कशाला. या दोघांना सतत विचारलं जातं. मरीनर्सच्या एका मालकानं मध्यंतरी आमचे काही 'घरचे' सामने नॉर्थ सिडनी ओव्हलवर नेले होते. कारण काय, तर तिकडे पैसा आहे. माझ्या ओळखीतल्या लोकांनी त्या मोसमात सीझन तिकीट घेणं सोडलं.

आणि डिसेंबर २०२२ आठवा. लीगनं पुढच्या तीन फायनली सिडनीला विकल्या, राज्याच्या पर्यटन खात्याबरोबर करार करून. कुठलाही संघ पहिला येवो, फायनल सिडनीत. देशभरच्या प्रेक्षकांनी विरोध केला, स्टँड सोडून बाहेर पडले, मेलबर्नमध्ये तुमच्याकडचं वातावरण तर फारच तापलं होतं. तुम्हाला तो हक्क गेल्याचा धक्का बसला. आम्ही २००८पासून त्यातच होतो.

यारा_किनारा

हा मुद्दा मान्य. फायनल विकली तेव्हा मीही स्टँडमधून बाहेर पडलो होतो. आपल्या मैदानावर फायनल नाही म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. पण तरी चुरस म्हणून 'बिग ब्लू', म्हणजे व्हिक्टरी-सिडनी, वरच, यावर मी ठाम आहे.

शिवडीचा_सिटीझन

मुंबई सिटीचा पाठीराखा. मला या दोन क्लबांची नावं ऑस्ट्रेलियामुळे नाही, मोहन बागानमुळे माहीत झाली. आणि ती आठवण काही सुखाची नाही.

दिमित्री पेत्रातोस. २०१७-१८मध्ये, म्हणजे ब्रॉडमेडो_एंड यांच्या त्या मोसमात, जेट्सकडून खेळला. त्याची भावंडंही जेट्सकडून खेळलेली, बहीण पनायोता महिला संघात. २०२२मध्ये तो कोलकात्याला आला. मार्च २०२३मध्ये आयएसएलची (इंडियन सुपर लीगची) फायनल आपल्या गोव्यात, मडगावच्या फातोर्ड्याला झाली. बंगळुरूविरुद्ध २-२, बागानचे दोन्ही गोल पेत्रातोसचे, दोन्ही पेनल्टी. मग शूटआउटमध्ये चषक.

त्याच वर्षी जूनमध्ये सिडनीत ए-लीगची फायनल. मरीनर्स ६, मेलबर्न सिटी १. जेसन कमिंग्सची हॅट्‌ट्रिक. मेलबर्न सिटी आणि तेव्हाची मुंबई सिटी एकाच सिटी फुटबॉल ग्रुपच्या मालकीच्या, त्यामुळे आमच्या पाठीराख्यांच्या ग्रुपवर त्या दिवशी सन्नाटा होता. आणि काही आठवड्यांत बातमी, कमिंग्स मोहन बागानकडे! म्हणजे एक जुना जेट आणि एक जुना मरीनर एकाच जर्सीत, पुढच्या फळीत शेजारीशेजारी.

४ मे २०२४ला सॉल्ट लेकच्या फायनलमध्ये कमिंग्सनंच आमच्यावर पहिला गोल केला. नंतर आम्ही ३-१ जिंकलो, पेरेरा दियाझ, बिपिन आणि वोयतुस, म्हणून आज शांतपणे लिहितोय. पण मला खरंच विचारायचंय, गॉसफर्डसारख्या छोट्या गावातून असे खेळाडू बाहेर पडतात ते कसे? इतक्या पैशाच्या मुंबई सिटीला स्वतःचे पोरगे घडवायला वेळ लागतो.

ब्रिस्बेनवॉटर

शिवडीचा_सिटीझन, याचं उत्तर मी देते, मी गॉसफर्डचीच. पैसा नाही म्हणूनच. मोठं नाव विकत घेता येत नाही, मग अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांना खेळवावंच लागतं. तगेराला क्लबचं सराव केंद्र आहे, तिथून पोरं तयार होतात आणि विकली जातात, त्यावर पुढचं वर्ष चालतं. मॅट रायन, माइल जेडिनॅक, ट्रेंट सेन्सबरी, टॉम रोगिच ही सगळी राष्ट्रीय संघापर्यंत गेलेली नावं मरीनर्समध्ये मोठी झाली. अलीकडचे म्हणजे कुओल भाऊ, दक्षिण सुदानी निर्वासित कुटुंबातले. त्यातला गरांग इंग्लंडच्या न्यूकॅसल युनायटेडनं उचलला. आमच्याकडच्या एका आजोबांना पहिल्यांदा वाटलं पोरगं जेट्सला गेलं, ते चिडलेच!

आता २०२४बद्दल, कारण धाग्यात ते अजून आलंच नाही.

मोसमाचे पहिले चारही सामने आम्ही हरलो. कोच मार्क जॅक्सन नवे, चषक जिंकून देणारे निक माँटगोमेरी इंग्लंडला... नाही, स्कॉटलंडला हिबर्नियनकडे गेलेले, संघ अर्धा रिकामा. तिकडे लीग, इकडे एएफसी कप, म्हणजे आशियातल्या क्लबांची स्पर्धा. प्रवास बघा: बाली, मलेशिया, फिलिपिन्स, आणि मग भारत. मार्चमध्ये ओडिशा एफसी गॉसफर्डला आला. कोच सर्जिओ लोबेरा, जे आधी एफसी गोवा आणि मुंबई सिटीचे होते. पहिल्यांदाच स्टँडमध्ये माझ्या शेजारी हिंदी, ओडिया, मराठी सगळं ऐकू येत होतं. मरीनर्स ४-० जिंकले. भुवनेश्वरला ०-०.

मग मे महिना. १ तारखेला ॲडलेडला हरवून लीगमध्ये पहिला नंबर आणि त्याचा चषक पक्का. ५ तारखेला मस्कतला लेबनॉनच्या अल-अहदविरुद्ध फायनल, अलू कुओलचा शेवटी शेवटी गोल, १-०, आशियाई चषक. आणि २५ तारखेला ए-लीगची फायनल. कुठे? गॉसफर्डला! फायनल विकण्याचा तो करार लीगनं २०२३च्या ऑक्टोबरमध्ये मोडीत काढला होता, नाहीतर हीसुद्धा सिडनीला गेली असती.

२१,३७९ लोक, खुर्च्यांपेक्षा जास्त. आमच्या मैदानाचं दक्षिणेचं टोक उघडं आहे, तिथे स्टँड नाही, ताडाची झाडं आणि पलीकडे ब्रिस्बेन वॉटरचं पाणी. व्हिक्टरीनं गेरियाच्या गोलनं आघाडी घेतली. नव्वद मिनिटं संपली. माझी लेक तोंड झाकून बसलेली. आणि भरपाई वेळेत मिगेल दि पिझिओ नावाच्या कोवळ्या पोरानं बरोबरी केली. एक्स्ट्रा टाइममध्ये एडमंडसननं दोन ठोकले. ३-१. एका मोसमात तिन्ही चषक.

चषक उचलणारा कॅप्टन कोण होता माहितीये का? डॅनी वुकोविच. तोच, २००८मध्ये रेफ्रीला चापट मारणारा. मध्ये देशभर आणि युरोपात खेळून २०२२मध्ये घरी परतला, २०२३चा चषक कॅप्टन म्हणून घेतला, आणि २०२४ची फायनल ही त्याची शेवटची मॅच. वय ३९. वायाँगकर, तुमच्या धाग्यात तो फक्त चापटीपुरता आला म्हणून मला हे लिहावंच लागलं. बावीस वर्षांच्या पोराच्या एका क्षणाची शिक्षा लोक त्याला आयुष्यभर देत होते.

वायाँगकर

ब्रिस्बेनवॉटर, वुकोविचबद्दल शंभर टक्के सहमत. त्या रात्री मीही मैदानात होतो, समोरच्या टोकाला. न्यूकॅसलचे दोन मित्र बरोबर आले होते, तटस्थ म्हणून. बरोबरीच्या गोलला सगळ्यात आधी उभे राहिले ते तेच दोघे. विचारलं तर म्हणाले, मेलबर्नपेक्षा तुम्ही बरे.

ब्रॉडमेडो_एंड

खरं आहे, मीही घरी टीव्हीवर मरीनर्सच्याच बाजूनं होतो. २०१८मध्ये त्याच व्हिक्टरीनं आमच्या गावात येऊन चषक नेला होता ना. पण हे फायनलपुरतं. डर्बीला हा नियम लागू नाही.

मोरिसेट_जंक्शन

वाचनमात्र होते, आज लिहिते. आम्ही लेक मॅक्वारीच्या दक्षिण टोकाला, बरोबर दोघांच्या मध्ये. नवरा जेट्स, मोठा मुलगा मरीनर्स, कारण त्याच्या शाळेत मरीनर्सचे खेळाडू आले होते. डर्बीच्या दिवशी दोघं एकाच गाडीनं जातात, स्टेशनवरून वेगळे होतात आणि येताना पुन्हा एकत्र. हरलेला येताना बोलत नाही, हा घरचा नियम आहे.

कुणी महिला संघांबद्दल लिहिलं नाही म्हणून सांगते. जेट्सच्या मुली २००८मध्ये महिला लीग सुरू झाली तेव्हापासून सलग आहेत, कितीही अडचणी आल्या तरी. मरीनर्सचा महिला संघ पहिल्या दोन मोसमांनंतर पैशाअभावी बंद पडला होता. तब्बल तेरा-चौदा वर्षं कोस्टच्या मुलींना मोठं व्हायचं तर न्यूकॅसलला किंवा सिडनीला जावं लागायचं. २०२३-२४ला संघ परत आला, आणि मे २०२५मध्ये व्हिक्टरीला पेनल्टींवर हरवून चषकही जिंकला. माझी धाकटी दहा वर्षांची आहे. तिच्यासाठी एफ३ डर्बी म्हणजे मुलींचीच डर्बी. पुरुषांची ती 'बाबांची मॅच' म्हणते.

ब्रॉडमेडो_एंड

मोरिसेट_जंक्शन, फार छान लिहिलंत. आमच्या महिला संघानं सरावाला धड मैदान नसताना मोसम काढलेत, त्यांचं नाव या धाग्यात यायलाच हवं होतं.

आणि जेट्सकडून एक ताजी नोंद: २०२५चा ऑस्ट्रेलिया कप आमचा. मार्क मिलिगनचा पोरगेला संघ, फायनलला मेलबर्नचा जुना हायडेलबर्ग युनायटेड, एक्स्ट्रा टाइममध्ये ३-१. २००८नंतर हातात आलेला पहिला मोठा चषक. ज्या पोरानं २००८ची फायनल माझ्या खांद्यावर बसून बघितली, तो आता स्वतःच्या गाडीनं घेऊन गेला मला सामन्यांना या मोसमात.

शाहूनगरी

वाचून काढला सगळा धागा दोनदा. माझी भाची पुढच्या सत्रात न्यूकॅसल विद्यापीठात येतेय, हॉस्टेलही ठरलंय. तिला डर्बी बघायची असेल तर कुठे पाठवू? गॉसफर्ड की न्यूकॅसल? मुलगी एकटी आहे, रात्रीचं परतणं सुरक्षित आहे ना?

ब्रिस्बेनवॉटर

नक्की पाठवा दादा, काळजी करू नका. पहिली डर्बी गॉसफर्डलाच बघू दे. न्यूकॅसलहून थेट गाडी येते, गॉसफर्ड स्टेशनवरून मैदान चालत काही मिनिटांवर. सामना संपला की अर्धा डबा जेट्सवाल्यांचाच असतो, गाडी रिकामी नसते. फक्त शेवटच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवायची, एक्स्ट्रा टाइमचा सामना असेल तर विशेष. दक्षिणेच्या उघड्या टोकासमोरची तिकिटं घ्यायला सांगा, तिथून पाणी दिसतं आणि जाहिरातीच्या सॉसच्या अवाढव्य बाटल्याही.

ब्रॉडमेडो_एंड

आणि शाहूनगरी, विद्यापीठात येणार म्हणजे ती जेट्सचीच झाली. गॉसफर्डला जाऊ दे, पण पाहुण्यांच्या स्टँडमध्ये, आमच्याबरोबर. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आमची चार-पाच घरं एकत्र जातो ब्रॉडमेडोवरून, तिची जागा धरून ठेवतो.

ब्रिस्बेनवॉटर

स्टँड तिला ठरवू द्या हो! व्यनि मलाही करा दादा. राहायची वेळ आली तर आमचं घर स्टेशनजवळच आहे.